समुद्राकडे पाठ फिरवून वाहणारी नदी

इटलीतल्या मोदेना शहरात, एस्तेन्से ग्रंथालयात, चर्मपत्रावर रंगवलेला जगाचा एक मोठा नकाशा जपून ठेवला आहे. फेराराच्या ड्यूकचा हस्तक आल्बेर्तो कांतिनो याने १५०२ साली तो लिस्बनमधून चोरून बाहेर काढला. दर्यावर्दींनी आणलेली माहिती परक्याच्या हाती लागू नये म्हणून पोर्तुगालचा राजा जिवापाड जपत होता. तरीही बारा सोन्याचे दुकात मोजून कांतिनोने गुपचूप नक्कल मिळवली. वास्को द गामा कालिकतला उतरून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. युरोपने काढलेल्या नकाशात हिंदुस्थान आपल्या ओळखीच्या त्रिकोणी रूपात प्रथम दिसतो तो याच नकाशात.

त्या त्रिकोणाची कड बारकाईने काढली आहे, बंदरांची नावे किनाऱ्याला लगटून लिहिली आहेत. आतला मुलूख मात्र मोकळा आहे. सह्याद्रीच्या पलीकडे काय आहे, हे चित्रकाराला ठाऊक नव्हते आणि त्याच्या गिऱ्हाइकालाही त्याची गरज नव्हती. पुढची जवळजवळ तीनशे वर्षे युरोपातल्या नकाशांवर कोल्हापूर आणि कृष्णेच्या खोऱ्याचा हा सगळा पट्टा असाच राहिला. कधी कोरा, कधी अंदाजाने भरलेला, कधी साफ चुकलेला.

याचे पहिले कारण नदीच्या स्वभावात आहे. कृष्णा महाबळेश्वराला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ६४ किलोमीटरवर. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून निघते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. कोल्हापूरच्या नद्यांचेही तेच. गजापूर-विशाळगडाकडून येणारी कासारी, गगनबावड्याकडची कुंभी, धामोडची तुळशी, राधानगरीची भोगावती. सगळ्या कोकणकड्याच्या अगदी काठाशी जन्मतात आणि पूर्वेकडे वळतात. प्रयाग चिखलीला त्यांची पंचगंगा होते आणि ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळते. घाटमाथ्यावर एका अंगाला पडलेला पाऊस दिवसभरात राजापूरच्या नाहीतर खारेपाटणच्या खाडीत उतरतो, तर दुसऱ्या अंगाचा पाऊस आंध्रच्या किनाऱ्यापर्यंतची वाट धरतो. पश्चिम किनाऱ्यावर गलबत घेऊन आलेल्या माणसाला घाटामागे एवढी मोठी नदी आहे याचा मागमूसही लागण्याजोगा नव्हता.

नदी नकाशावर यायची तर तिच्या मुखाशी जहाज यावे लागे. शोधयात्रांच्या काळातला भूगोल असाच घडला. नद्या युरोपला मुखाकडून कळत आणि मग मुखापासून उगमाकडे अंदाज बांधत त्यांचे प्रवाह काढले जात. कृष्णेचे मुख पूर्व किनाऱ्यावर, उगम पश्चिमेला. दोन्ही किनाऱ्यांवर पोर्तुगीज, डच, इंग्रज सगळे आले, पण इकडचा उगम आणि तिकडचे मुख एकाच नदीचे आहे हे जोडून दाखवणारा माणूस त्यांच्यात फार उशिरा निघाला.

गंमत अशी की, या भागाविषयी युरोपला एकेकाळी जास्त ठाऊक होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीने जगभरच्या गावांची अक्षांश-रेखांशांसह यादी केली. त्यात दख्खनमधली पैठण, तेर ही गावे आहेत. पैठणला त्याने एका राजाची राजधानी म्हटले आहे आणि तसेच आणखी एका नगराविषयी लिहिले आहे. नगराचे नाव हिप्पोकुरा, राजाचे नाव बलिओकुरोस. हा राजा कोण, हा प्रश्न एरवी ग्रीक ग्रंथांच्या अभ्यासकांपुरताच राहिला असता. पण कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर एकोणिसाव्या शतकात सातवाहनकालीन नाणी सापडली आणि त्यांवर नाव होते विळिवायकुर. डॉ. रा. गो. भांडारकरांनी दख्खनच्या प्राचीन इतिहासावरच्या आपल्या ग्रंथात हा विळिवायकुर आणि टॉलेमीचा बलिओकुरोस एकच असल्याचे मत मांडले. मग हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर का? काही विद्वानांनी होय म्हटले, काहींनी दुसरी ठिकाणे सुचवली. वाद मिटलेला नाही. पण राजाचे नाव भूमध्य समुद्राच्या काठी लिहिले गेले आणि त्याच नावाची नाणी पंचगंगेच्या मातीत निघाली, एवढे पुरावे हातात आहेत.

ब्रह्मपुरीने याहून मोठे दान पुढे दिले. १९४४ नंतरच्या दोन हंगामांत तिथे उत्खनन झाले. आधी प्रा. के. जी. कुंदणगार, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित. त्यात काशाच्या वस्तूंचा एक साठाच हाती लागला. त्यातली पोसायडनची मूर्ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. वीतभरही उंची नाही, पण दाढी, कुरळे केस, एक हात वर उचललेला, शरीराचा भार एका पायावर टाकून उभे राहण्याची ती खास भूमध्यसागरी ढब, सगळे जिथल्या तिथे. ग्रीकांचा हा समुद्रदेव कोकणातल्या कुठल्यातरी बंदरात उतरला, बैलाच्या पाठीवर किंवा माणसाच्या डोक्यावर घाट चढला आणि पंचगंगेच्या काठी येऊन राहिला. म्हणजे वाट होती, वाटेवर माणसे होती आणि टॉलेमीला जी माहिती मिळाली ती अशाच वाटांनी ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून. नद्यांच्या बाबतीत मात्र त्याचा गोंधळ उडाला. दख्खनच्या ज्या नद्या पूर्वेला जातात त्यांतल्या काहींना त्याने पश्चिम किनाऱ्यावर आणून सोडले, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. पूर्व किनाऱ्यावर तो मैसोलोस नावाची नदी देतो. तिला कृष्णा मानणारे आहेत, गोदावरी मानणारेही आहेत.

हे सगळे प्राचीन काळाचे झाले, पण शोधयात्रांच्या नकाशांशी त्याचा थेट संबंध आहे. टॉलेमीचा ग्रंथ नकाशांसह १४७७ साली बोलोन्यात छापला गेला, पाठोपाठ रोम आणि उल्म इथे. आशियाच्या दहाव्या नकाशात त्याने गंगेच्या अलीकडचा हिंदुस्थान दाखवला होता. त्यात द्वीपकल्प जवळजवळ नाहीच. किनारा पश्चिमेकडून पूर्वेकडे सपाट धावतो आणि खाली श्रीलंका अवाढव्य फुगलेली. छापील पुस्तकाचा दरारा एवढा की, दर्यावर्दींनी प्रत्यक्ष पाहिलेला त्रिकोण आणि टॉलेमीची सपाट रेघ हे दोन्ही हिंदुस्थान बरीच वर्षे शेजारी शेजारी नांदले. १५१३ साली स्ट्रासबुर्गला निघालेल्या टॉलेमीच्या आवृत्तीत वाल्डझेम्युलरने दोन्ही प्रकारचे नकाशे एकाच जिल्दीत बांधले. वाचकाने जुने मानावे की नवे, हे त्याच्यावर सोडले.

या काळात इथल्या लोकांकडे नकाशे नव्हते, असे मात्र समजू नये. पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश याने १५५२ साली छापलेल्या आपल्या बखरीत एक प्रसंग दिला आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मालिंदीला वास्को द गामाला जो वाटाड्या मिळाला, त्याने हिंदुस्थानच्या सगळ्या किनाऱ्याचा नकाशा उलगडून दाखवला. त्यावर उभ्या-आडव्या रेषांची बारीक जाळी होती. गामाच्या हातात असे काही नव्हते. अरबी समुद्रातल्या तांडेलांना आणि मालमांना आपला किनारा पाठ होता, तो कागदावरही होता. युरोपी नकाशांतला कोकण किनारा एवढ्या लवकर नीट झाला, त्यात या माणसांचा वाटा फार मोठा आहे आणि तो पुरेसा सांगितला जात नाही.

कोकण किनाऱ्याचे सोळाव्या शतकातले सर्वांत काळजीपूर्वक केलेले काम जुआंव द काश्त्रूचे. १५३८ च्या अखेरीस तो गोव्याहून दीवला निघालेल्या आरमाराबरोबर गेला आणि वाटेत लागलेल्या बंदरांची नोंद करत राहिला. हा माणूस पुढे गोव्याचा राज्यपाल झाला, पण इथे तो शिकाऊ विद्यार्थ्यासारखा वागतो. खाडीच्या तोंडाशी किती वाव पाणी आहे, वाळूचा दांडा कुठे आहे, खडप कोणत्या बाजूला, भरतीला आत शिरायचे तर कोणता डोंगर समोर धरायचा, सगळे लिहितो आणि चित्र काढतो. दाभोळच्या खाडीचे त्याचे चित्र पाहावे. वाशिष्ठीचे मुख, दोन्ही बाजूंचे डोंगर, झाडी, घरे, पाण्यावर जहाजे, सगळे जणू उंचावरून पाहिलेले. होकायंत्राची सुई ठिकठिकाणी उत्तरेपासून किती सरकते हे त्याने मोजले, जवळच्या खडकामुळे सुई बहकते हेही त्याच्या ध्यानात आले. कोकणातला काळा कातळ लोहयुक्त आहे, त्याचा हा परिणाम. घारापुरी आणि कान्हेरीची लेणीही त्याने पाहून वर्णिली. त्याची ही वही छापून निघायला १८४३ साल उजाडले, तीनशे वर्षे ती हस्तलिखितातच राहिली.

दाभोळ तेव्हा विजापूरच्या आदिलशहाचे बंदर होते. पन्हाळाही आदिलशाहीतला. एकाच राज्याचे एक टोक काश्त्रू वावांत मोजत होता आणि दुसरे टोक, त्याच राजाचा डोंगरी किल्ला आणि त्याच्या पायथ्याच्या नद्या, त्याच्या लेखी नव्हत्याच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचे काम जहाज सुखरूप आत नेण्याचे होते.

पुढे डच आले. यान हाउखेन फान लिन्सखोटेन १५८३ साली गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस म्हणून दाखल झाला आणि पाचेक वर्षे राहिला. मायदेशी परतून १५९६ साली त्याने जे पुस्तक काढले त्याने पोर्तुगिजांची दर्यावर्दी गुपिते ॲमस्टरडॅमच्या बाजारात आणून मांडली. त्यातला गोवे शहराचा नकाशा रस्त्या-रस्त्यासह आहे, बाजारपेठ आणि चर्चे मोजून घ्यावीत इतका तपशील. त्याच पुस्तकातल्या मोठ्या नकाशावर मात्र गोव्याच्या पूर्वेला घाट ओलांडला की सगळे धूसर. बाळाघाट, दख्खन अशी प्रदेशांची नावे ऐसपैस पसरलेली आणि त्यांच्याखाली डोंगरांच्या छापील उंचवट्यांखेरीज फारसे काही नाही. गोव्यापासून कोल्हापूर बैलगाडीने काही दिवसांच्या अंतरावर आहे. एवढे अंतर तोडायला युरोपच्या नकाशाला आणखी दोनशे वर्षे लागली.

नदी चुकण्याची पाळी केवळ कृष्णेवर आली नव्हती. गेरार्दुस मर्केटरसारख्या थोर भूगोलज्ञाने १५६९ च्या आपल्या जगप्रसिद्ध नकाशात प्राचीनांची गंगा म्हणजे चीनमधल्या कँटनची नदी, असे हिरिरीने मांडले. ज्या नकाशाच्या गणितावर पुढची शतके जहाजे चालली, त्याच नकाशावर गंगा चीनला पोहोचली होती. गंगेची ही गत, तर कृष्णेला कोण विचारतो.

कृष्णेच्या मुखाकडे मात्र गर्दी होऊ लागली होती. मछलीपट्टणला सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात डच आणि १६११ साली इंग्रज येऊन बसले. छापील कापड, नीळ आणि हिरे यांची ही पेठ. नदीच्या मुखाजवळचे दिवी बेट नाखव्यांना धोक्याची खूण म्हणून ठाऊक झाले आणि सागरी नकाशांवर ठळक उमटले. आत चढून जाण्याचे आमिषही होते. कोल्लूरची हिऱ्यांची खाण ऐन कृष्णाकाठी. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये तिथे गेला आणि १६७६ साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याने खाणीवर साठ हजार माणसे राबत असल्याचे लिहिले. हिऱ्यामुळे नदीचा खालचा टप्पा युरोपला परिचित झाला. रायचूरचा दुआब, विजापूर, गोवळकोंडा यांच्या लढायांमुळे मधला टप्पाही थोडाफार कानावर गेला. वरचा टप्पा, वाई, कराड, सांगली, नरसोबाची वाडी, तसाच अंधारात.

अंधार अर्थात पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुरता. इथल्या माणसांना आपल्या नद्या कशा जुळतात हे चांगले ठाऊक होते, फक्त ते ज्ञान दुसऱ्या रूपात साठवलेले होते. गुरुचरित्रात पंचगंगेच्या पाच नद्या नावानिशी येतात: शिवा, भद्रा, भोगावती, कुंभी आणि सरस्वती. करवीर माहात्म्यात क्षेत्राच्या सीमा, तीर्थे, घाट यांची जंत्री आहे. ती वाचत चालणाऱ्या यात्रेकरूला दिशा चुकण्याची भीती नाही. गुरू कन्या राशीत आला की बारा वर्षांनी कृष्णेला कन्यागत पर्वकाळ येतो आणि उगमाकडच्या वाईपासून वाडीपर्यंत घाट माणसांनी फुलतात. सगळी नदी एकच आहे, ही जाणीव त्या पर्वातच गुंफलेली. कुळकर्ण्याच्या दप्तरात कुठले रान मळईचे, कुठले पाणभरतीचे, हे शेतनिहाय होते. अठराव्या शतकात तर मराठ्यांनी रंगीत नकाशेही काढले. मोडीत नावे, किल्ले उभे चितारलेले, नद्या जाड पट्ट्यांनी, कागदाची वरची बाजू उत्तरच असेल असा आग्रह नाही. सुझन गोल यांनी १९८९ साली हिंदुस्थानी नकाशांचे जे मोठे पुस्तक सिद्ध केले, त्यानंतर या वारशाकडे अभ्यासकांचे नीट लक्ष गेले. मोजपट्टीच्या कसोटीवर हे नकाशे सैल वाटतील. फौज कुठून कुठे न्यायची आणि वाटेत कोणता किल्ला कोणाचा, याची उत्तरे त्यांत चोख आहेत आणि ज्यांनी ते काढले त्यांना तेच हवे होते.

युरोपात याच सुमारास पॅरिसमधला एक माणूस हिंदुस्थानचा नकाशा नव्याने रचत होता. झाँ-बातीस्त दांव्हिल. तो कधी हिंदुस्थानात आला नाही. पॅरिस सोडून फारसा कुठे गेलाच नाही. पण प्रवाशांची टिपणे, जेसुइटांची पत्रे, फ्रेंच फौजेच्या मजला यांची तो एकमेकांशी पडताळणी करी आणि ज्याला आधार नाही ते नकाशावर घालत नसे. जुन्या नकाशांतली सजावट पुसून त्याने जागा कोरी ठेवली, हे फार मोठे धाडस. १७५२ साली फ्रेंच कंपनीसाठी त्याने काढलेला नकाशा त्या काळचा सर्वोत्तम. तरीही दख्खनच्या नद्यांनी त्यालाही फसवले. आपल्याकडे गोदावरीला नुसती गंगा म्हणण्याची रीत. नाशिकची ही गंगा थेट ओरिसात कटकपाशी समुद्राला मिळते, असे त्याच्या नकाशाने दाखवले. म्हणजे गोदावरी आणि महानदी एकच झाल्या. ही चूक पुढची पंचवीस-तीस वर्षे टिकली आणि जेम्स रेनेलने ती आपल्या टिपणात मुद्दाम नोंदवली.

रेनेल बंगालचा सर्व्हेअर जनरल होता. इंग्लंडला परतल्यावर १७८२ साली त्याने हिंदुस्थानचा नकाशा काढला आणि १७८८ साली तो सुधारून पुन्हा. गंगेच्या खोऱ्यात तो स्वतः वर्षानुवर्षे होडीतून आणि पायी फिरला होता, तलवारीचे घाव खाऊन मरता मरता वाचला होता. त्यामुळे बंगालचे त्याचे नकाशे भक्कम. मराठ्यांच्या मुलखात मात्र त्यालाही दुसऱ्यांच्या मजलांवर विसंबावे लागले. मजलांवरून नकाशा कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. पलटणीबरोबर एक अधिकारी मोजणीचे चाक ढकलवत चालतो. चाकाचे फेरे मोजून अंतर कळते, होकायंत्राने वळण कळते, रात्री तारा पाहून अक्षांश मिळतो. वाट जिथे नदी ओलांडते तिथे तो नोंद करतो: पात्र इतके रुंद, उतार कमरेइतका, तळ वाळूचा. म्हणजे नकाशावर नदीचा एक बिंदू पक्का झाला. दुसऱ्या पलटणीच्या वाटेवर चाळीस कोसांवर दुसरा बिंदू. मधली सगळी नदी या दोन बिंदूंना जोडणारी कल्पनेची रेघ. जुन्या नकाशावर कृष्णा कुठे अकारण सरळ आणि कुठे नको तिथे वळलेली दिसली, की समजावे, या दोन ठिकाणांमध्ये कोणी चाललेले नाही.

कोल्हापूरच्या वाटेवरून चालणारी अशी एक पलटण १७९० साली आली. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र झाले होते. कॅप्टन लिटलच्या हाताखाली मुंबईहून निघालेली फौज मे महिन्याच्या अखेरीस संगमेश्वराला उतरली आणि ऐन पावसाच्या तोंडावर आंबा घाट चढून परशुरामभाऊ पटवर्धनांना जाऊन मिळाली. पुढे धारवाडचा वेढा, मग म्हैसूरची मोहीम. या फौजेतला तरुण अधिकारी एडवर्ड मूर, नंतर हिंदू देवदेवतांवरच्या ग्रंथासाठी प्रसिद्ध झालेला, याने १७९४ साली मोहिमेचा तपशीलवार वृत्तान्त छापला. गावे, नद्या, मुक्काम, अंतरे. घाटमाथ्यापासून कृष्णेपलीकडे जाणारी वाट आता युरोपी भूगोलकाराच्या टेबलावर पोहोचली होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजांनी हा मुलूख पटवर्धनांच्या छावणीतून पाहिला, कोल्हापूरच्या दरबारातून नव्हे. पटवर्धन आणि कोल्हापूरकर यांच्यात हाडवैर. १७९९ साली पट्टणकुडीच्या लढाईत परशुरामभाऊ कोल्हापूरच्या फौजेशी लढताना पडले. समुद्राच्या बाजूने पाहावे तर इंग्रजांच्या लेखी कोल्हापूर म्हणजे मालवणचे आरमार. जिजाबाई राणीसाहेबांच्या कारकिर्दीत, १७६५ साली, इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस हे नाव दिले आणि वर्षभरात करार करून परत केला. मालवणच्या पाण्यातले खडप, नांगर टाकण्याची जागा, हे सारे त्यांनी नोंदवून घेतले. एकाच राज्याचे बंदर वावांत मोजलेले आणि राजधानीची नदी अंदाजाने काढलेली, ही काश्त्रूच्या वेळची स्थिती अडीचशे वर्षांनी तशीच होती. १८१२ च्या तहाने मालवण कोल्हापूरकरांच्या हातून कायमचे गेले.

पेशवाई बुडाल्यावर अंदाजाने नदी काढण्याचे दिवस संपले. विल्यम लँबटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीची साखळी उत्तरेकडे नेली होती. ती कृष्णा ओलांडून पुढे गेली. कृष्णा-गोदावरीमधल्या जंगलात जॉर्ज एव्हरेस्टला तापाने इतके ग्रासले की, हवापालटासाठी त्याला आफ्रिकेच्या टोकाला जावे लागले. लँबटन १८२३ साली मोजणीच्या वाटेवरच, आपल्या हिंगणघाटला वारला. इकडे दक्षिण कोकणात थॉमस बेस्ट जर्व्हिस १८१९ पासून दहा-बारा वर्षे डोंगर चढून मोजत होता. त्याचे काम घाटमाथ्याला येऊन भिडले आणि पाणलोट कुठे फुटतो ती रेघ कागदावर आली. त्याचा भाऊ जॉर्ज याने मुंबईत १८२३ साली सुरू झालेल्या इंजिनिअरिंगच्या शाळेसाठी गणिताची पुस्तके मराठीत आणली, जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारख्या पंडितांच्या मदतीने. मोजणीचे चाक ढकलणारा, साखळी धरणारा, आकडे लिहिणारा माणूस इथून पुढे मराठी होता. नकाशाच्या कोपऱ्यात त्याचे नाव मात्र छापले जात नसे.

कोल्हापूर संस्थानाची पाळी १८४४ नंतर आली. सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथल्या गडकऱ्यांनी उठाव केला, तो मोडल्यावर कारभार इंग्रजांच्या देखरेखीखाली गेला. कोणत्या डोंगरात कोणती वाट आहे हे सरकारला आता नेमके हवे होते. मेजर ग्रॅहम याचा कोल्हापूर संस्थानावरचा विस्तृत अहवाल १८५४ साली छापला गेला. डोंगर, नद्या, पिके, गावे, जाती, हक्क, सगळ्यांची मोजदाद त्यात आहे. १८८६ च्या गॅझेटियरमध्ये तेच चित्र आणखी रेखीव झाले. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आपापल्या दऱ्यांतून येऊन एकत्र होतात, पंचगंगा शहराला वळसा घालून पूर्वेला जाते आणि कुरुंदवाडजवळ कृष्णेत पडते. हे लिहून काढायला छापील भूगोलाला कांतिनोच्या नकाशापासून पावणेचारशेहून अधिक वर्षे लागली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले तेव्हा पाणी कुठून किती येते याचा हिशेब मांडायला पक्की मोजणी हाताशी होती.

या सगळ्या नकाशांत एक गोष्ट समान आहे. नदी म्हणजे रेघ. कांतिनोच्या नकाशावर ती नाही, दांव्हिलच्या नकाशावर वाकडी आहे, गॅझेटियरात बिनचूक आहे, पण रेघच. कोल्हापूरकराला पंचगंगा जी माहीत आहे ती बाराही महिने एका रेघेत मावत नाही. आषाढ-श्रावणात राजाराम बंधाऱ्याची पातळी दर काही तासांनी शहरभर फिरते, ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. आंबेवाडी-चिखलीची जनावरे कधी बाहेर काढायची ते त्या आकड्यावर ठरते. नरसोबाच्या वाडीला पुजाऱ्यांचे माप निराळे. पाणी उत्तरेच्या दाराने देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले की दक्षिणद्वार सोहळा. पाणी चढताना तो चढता, ओसरताना उतरता. उत्सवमूर्ती पाण्याबरोबर वरच्या मठात हलवायची, किती पाण्याला कुठे, हे ठरलेले आहे. नदी किती रुंद होते याची ही पिढ्यानपिढ्यांची नोंद.

पाटबंधारे खात्याने आता ती रुंदी कागदावर आणली आहे. पूररेषेच्या नकाशात नदीच्या दोन्ही अंगांना दोन दोन रेषा असतात. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा पोहोचतो ती लाल. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लाल पट्ट्यात अटी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या रेषा पुन्हा तपासायला लावल्या. कोणाचा प्लॉट कोणत्या रेषेच्या कुठल्या अंगाला पडतो, यावर हरकती येतात, सुनावण्या होतात. शुक्रवार पेठ, सुतारवाडा इथली जुनी माणसे आपल्या घराच्या भिंतीवरची पाण्याची खूण दाखवून सांगतात की, रेष इथून जायला हवी.